झाकणावरचा शेंदूर

शनिवार, ता. २ फेब्रुवारी १९३५

मारुतीराया, तूच राखलंस!

गाडी आज परत वाटेत मेली. अंजणारीच्या घाटात, ऐन चढावर! इंजिन एकाएकी गप्प, आणि ब्रेक धरेपर्यंत गाडी पाच-सहा हात मागे घसरली. खाली नदी. आत सहा उतारू. चिऱ्यांचा गडगा होता म्हणून मागचं चाक अडलं. नाहीतर — नको, लिहीतच नाही.

हे जेवताना असं सांगत होते, जणू शेजारच्याची गोष्ट. मी पळी हातात घेऊन ऐकतच राहिले. "अगं, वाढ ना आमटी! मेलो नाही अजून." असं बोलू नये माणसानं, तेही तिन्हीसांजेला.

उतारूंतली एक म्हातारी म्हणाली म्हणे, तिथला जागेवाला, घाटाचा राखणदार, काही मागतोय, नारळ ठेवा. ह्यांनी उडवून लावलं — "इंजिनाला नारळ कळत नाही, आजी." सगळे हसले. लांज्याची ही रोजची खेप आहे म्हणून चूल पेटते आमची. आणि गाडी चालवणार हेच. मला नाही हसू आलं.

रविवार, ता. ३

काशीराम मिस्त्री सकाळपासून अंगणात. बारा वर्षं आगबोटीच्या इंजिनात काढलेला माणूस, हात काळेभोर, तोंड सारखं चालू. नळी काढून फुंकली, कार्बुरेटर धुतला, प्लग खरवडले. "वयनी, चाय ठेवा. ठिणगी हाय, पेट्रोल हाय, तरी बया मरते. मानसासारखीच हाय, कारन सांगत नाय!"

ह्यांनी सांगितलं, बंद पडली की सीट उचलून टाकीचं झाकण काढतो, काठी घालून पेट्रोल बघतो. भरपूर असतं. झाकण लावून हँडल मारलं की मुकाट चालू!

काशीराम "बगतो" म्हणत पाना तिथेच टाकून गेला.

सोमवार, ता. ४

हिशेबाची वही चाळली. ज्या दिवशी खेप मोडते त्या दिवसापुढे मी फुली करते. जानेवारीची १२, जानेवारीची २६, आणि परवाची २. तिन्ही शनिवार!!

शनीची पीडा. मी वेडी, मला आधी कसं नाही सुचलं?

ह्यांना सांगणार नाही. हसतील. पण माझा उपाय चालूच आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पावस गावच्या वाटेवर एक मोटर कोसळली, तेव्हापासून (एक १९ तारीख तेवढी चुकली) दर शनिवारी पहाटे देवळातून मारुतीचा शेंदूर आणते, तेलात कालवते आणि हे अंघोळीला गेले की गाडीला लावते. बाहेर लावला तर चारचौघांत थट्टा. म्हणून सीटखाली, टाकीच्या झाकणावर. तिथे कोण बघतंय? येत्या शनिवारी दुप्पट लावीन.

गुरुवार, ता. ७

गाडी नीट. शनिवार जवळ येतोय.

शनिवार, ता. ९

पहाटे शेंदूर चांगला थापला. बोटभर जाड. अकरा वेळा मारुतीस्तोत्र म्हटलं. हे आठला गेले.

दुपारी काशीराम आला, विसरलेला पाना न्यायला. उभ्याउभ्याच म्हणाला, "वयनी, येक बघायचं ऱ्हायलंच. टाकीच्या झाकनाला बारीक भोक असतं, वारा आत जायला. ता बुजला तर पेट्रोल खाली उतरत नाय. झाकन काढलं की वारा शिरतो, गाडी चालू. परत लावलं की थोड्या वेळानं मरते."

अगं बाई! रॉकेलच्या डब्याला मीच दोन भोकं पाडते, एकानं धार नीट पडत नाही म्हणून. मॅट्रिकला हवेचा दाब पाठ केला होता. पाठच केला होता!

सगळं सांगून टाकलं. तो रागावलाही नाही. "कोनाला बोलू नुको," एवढंच म्हणाला, आणि लांज्याला जाणारी दुसरी मोटर पकडायला धावत सुटला. सातपर्यंत मी देवापुढे बसून होते. देवाकडे बघवेना.

गाडी आली — झाकण उघडून चालू केली तरी दर थोड्या वेळानं मरत होती, म्हणून पालीपासून उतारू ढकलत होते; तिथेच काशीरामानं गाठलं. सपाटीवर बंद पडली म्हणून जीव वाचले. त्यानं झाकण रॉकेलनं पुसून भोक मोकळं केलं होतं. आणि ह्यांना सांगितलं, "माजीच चूक, भाऊ. त्या रविवारी घान तशीच ऱ्हायली."

हे दारात, लोकांसमोर कडाडले. "सात जीव घेत होतास! पुन्हा माझ्या गाडीला हात लावशील तर बघ!" तो मान खाली घालून उभा. मी दाराआड. तोंड उघडलं नाही मी. उघडलं नाही.

सोमवार, ता. ११

विहिरीवर सावित्रीकाकू सांगत होत्या, दोघा मोटरवाल्यांनी काशीरामाकडचं काम काढून घेतलं. "आगबोटीवरून पण असाच हाकलला असेल मेला!" मी कळशी भरून मुकाट्यानं आले.

गाडी ठणठणीत चालते आहे. सांगितलं तर हे काय म्हणतील? घरात घेतील ना?

मंगळवार, ता. १२

आज सांगणार होते. ह्यांनी पाण्यासाठी हाक मारली तेवढ्यानंच दचकले. उद्या.

बुधवार, ता. १३

सांगितलं. रडत, पण सगळं.

हे खाली बघत म्हणाले, "शेंदूर मी पहिल्या शनिवारीच पाहिला. रोज निघताना बोट लावून कपाळाला लावायचो. पुसायचं धाडस झालं नाही."

मग काशीरामावर का ओरडलात?

"त्याच्या फडक्यावर शेंदूर दिसला, तेव्हाच कळलं चूक आपल्याच घरची. पण सगळे बघत होते."

पायात वहाणा घालून हे अंगणात उभे आहेत. हाक मारताहेत — "चल लवकर. बाजार उठायच्या आत काशीरामाकडे पोहोचायला हवं. चारचौघांत ओरडलो होतो."