बिनसोल्डरचं खोकं

५ जून, गुरुवार
माझं आयुष्य आज दुपारी सव्वा वाजता बदललं. बेकरीच्या काउंटरवर. टॅम्सिनने माझा स्कॅलप-पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री, पिशवीत घातला आणि म्हणाली, फर्गस, तू ते इलेक्ट्रॉनिक्स शिकलायस ना रे? मला बटणांचं एक खोकं करून दे की. एकवीस तारखेला म्हाताऱ्यांच्या बोल्स क्लबात ती गाणार आहे. एकेक बटण दाबलं की एकेक आवाज यायला हवा: पत्र्यावरचा पाऊस, फेरीबोटीचा भोंगा, तिचाच रेकॉर्ड केलेला ‘आऽऽ’.
मी म्हणालो, त्यात काय!
कॉलेज अर्ध्यावर सोडलं हे सांगायचं राहिलं. मागे रांग होती.
प्लॅन: खोकं. गाणं. टाळ्या. टाळ्या ओसरल्या की तिला बाजूला घेऊन मनातलं सांगायचं. कॉलेजचं लग्नानंतर कधीतरी.

६ जून
तत्त्वाचा प्रश्न. सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून वायर चिकटवणं, करणार नाही. होबार्टच्या कॉलेजात पेंगेली सर भर वर्गात म्हणाले होते, याच्या बोर्डावर सीगल शिटून गेलाय काय? मी तिथल्या तिथे सोल्डरिंगचं आयर्न आपटलं, पुन्हा याला हात लावणार नाही म्हणालो, जॅकेट उचललं आणि बस पकडून घरी आलो. जॅकेट दुसऱ्याचं निघालं, पण शब्द म्हणजे शब्द.
शिवाय गरजच नाही. बटणाच्या मागे दोन पात्या असतात. वायरीच्या टोकाला क्लिप दाबून बसवायची, क्लिप पातीवर सरकवायची. संपलं. इतकं सोपं आहे की जरा अपमानच वाटला.
ब्रिओनीने शेड वापरायला दिली. बहीण असली तरी अटी घालते. सफरचंदाच्या जुन्या पेट्यांना हात लावायचा नाही म्हणे. एक घेतली. खोकं कशाचं करणार मग?

९ जून
पार्सल आलं. आठ बटणं, काय एकेक रंग! क्लिप दाबायची खास पक्कड मागवली नाही. साधी पक्कड आहे, दात आहेत.
रचना अशी: प्रत्येक बटणाची एक पाती आवाज साठवलेल्या बोर्डाला. दुसऱ्या पातीवरून एकच काळी वायर, या बटणावरून त्या बटणावर, माळेसारखी. सगळी एकमेकांच्या आधाराने. बसवताना टॅम्सिनचाच विचार येत होता.

११ जून
एकही वाजत नाही. बटणं सदोष. दुकानाला कडक ईमेल. ‘ग्राहक’ हा शब्द चार वेळा.

१२ जून
दुकानवाल्याने गोड भाषेत विचारलंय, साहेब, वायर सोलली होती ना?
मी क्लिपा वरच्या प्लास्टिकवरच दाबल्या होत्या. इतक्या घट्ट, की ओढून बघितल्या तरी हलत नव्हत्या. आत तांब्याचा स्पर्शच नाही. त्यांचं माहितीपत्रक फार बारीक अक्षरात आहे. उत्तर पाठवणार नाही.

१४ जून
सोलून पुन्हा बसवल्या. आता क्लिपा पात्यांपेक्षा रुंद निघाल्या. चढतात आणि घसरतात. माप मी बघितलं नव्हतं कारण रंग बघत होतो.
उपाय सुचला. चॉकलेटची चांदी. पाचरीसारखी कोंबायची.
ब्रिओनी डोकावून गेली. म्हणाली, त्या पोरीला फोन कर, सांग जमत नाही, लाज कसली त्यात? मी म्हणालो, जमतंय. ती म्हणाली, तू जमतंय म्हणालास की मी आधी बादली भरून ठेवते.

१५ जून
एक बटण दाबलं की आठही वाजतात. चांदी चांदीला टेकते. भोंगा तर थांबेचना. शेजारचा कुत्रा त्याच्या सुरात सूर मिसळून रडला.
चांदी काढली. आता इन्सुलेशन टेप. आधीच टेप घ्यायला हवी होती असं ब्रिओनी म्हणते. नंतर सगळेच शहाणे.

१७ जून
बेकरीत तो एम्रिस उभा होता. बँडवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करतो, म्हणून केस वाढवलेत. म्हणतो कसा, आण रे इकडे, तुझा चहा गार व्हायच्या आत सोल्डर मारून देतो. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, काही लोकांना वस्तू जाळल्याशिवाय जोडता येत नाहीत.
मग टॅम्सिन हसली. माझ्या बाजूने. बहुतेक.
आणि म्हणाली, मी गिटारवाल्याला नको म्हणून सांगितलं, तुझं खोकं आहे ना आता. सगळं तुझ्यावर बघ.
तेव्हा खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. उघडलंच होतं म्हणून आणखी एक स्कॅलप-पाय मागितला.

१९ जून
आठही वाजली! झाकण लावलं, दोन गेली. झाकण काढलं, आली. वायरी जरा आखूड कापल्या गेल्यात, झाकण त्यांना ओढतं. सफरचंदाच्या बागेत छाटणीच्या कामावर गेलो नाही. मुकादमाला सांगितलं, ताप आहे. खोटं नाही, कान गरम होते.

२० जून
वायरी आत दाबून धरल्या आणि झाकण खिळ्यांनी ठोकून टाकलं. आता आठही वाजतायत. पुन्हा उघडून बघता येणार नाही. बघायचंही नाही. टॅम्सिनला सूचना: हळू दाब, खोकं तिरकं करू नकोस, जवळ कोणी खोकू नका.
 

२२ जून, रविवार
काल.
पहिलं बटण, पाऊस. लोकांनी ग्लास खाली ठेवले. दुसरं, तिचा ‘आऽऽ’. माझ्या अंगावर काटा. तिसरं भोंग्याचं. तिने जोरात दाबलं, आवेशात. आत खळ्ळ झालं. काळ्या माळेतली पहिलीच क्लिप निसटली असणार. पहिली निसटली की पुढचं सगळं मेलं.
तिने दाबलं, दाबलं, मग माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. दारात तिकिटांची सोडत चालली होती, बक्षीस मटणाचा ट्रे; त्या गर्दीतून मुंगीही गेली नसती. मागे भिंत, बाजूला ब्रिओनी. ब्रिओनीने माझं कोपर धरून ठेवलं होतं.
मग टॅम्सिनने खोकं मांडीवर पालथं घेतलं आणि डफासारखं बडवायला लागली. आत सुटलेल्या क्लिपा घुंगरांसारख्या वाजत होत्या. म्हातारे पाय आपटायला लागले. गाणं तिला दोनदा म्हणावं लागलं.
नंतर तिने येऊन मिठी मारली. मला. मी म्हणालो, टॅम्सिन, मला तुला एक… ती म्हणाली, फर्गस, काय आवाज आहे रे या खोक्याला! फक्त ती बटणं काढून टाक ना, मांडीला टोचतात. एम्रिस आत माइक बसवून देतो म्हणतोय.
मी म्हणालो, हो, तीच कल्पना होती.

२४ जून, दुपार
टॅम्सिन आणि एम्रिस, दोघं खोकं न्यायला आलीत. ब्रिओनीने त्यांना चहाला बसवलंय. मी शेडमध्ये.
खिळे काढले. क्लिपा नुसतं बोट लावलं तर निघाल्या. सोल्डर असतं तर संध्याकाळ झाली असती. हा मुद्दा पेंगेली सरांना कधीच कळला नाही.
एम्रिसची गाडी फाटकात आडवी लावलीय. बाहेर जायची वाट स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच जाते. खिडकीत दिसतायत. टॅम्सिनच्या बाहीला पीठ लागलंय, तो ते झटकतोय. पीठ संपलं असावं. अजून झटकतोय.
ती जाईपर्यंत इथेच थांबावं असं ठरवलं होतं. पण ती माझ्यासाठीच थांबलीय. म्हणजे खोक्यासाठी.
आत्ता हाक मारली तिने. झालं का रे? अडकलास की काय आत?
नाही नाही, म्हणून ओरडलो.
आठ भोकांचं खोकं काखेत घेतलंय. वही पेटीखाली सरकवतो. बाहेर पडतो, आणि मागे दार ओढून घेतो.