मोकळा इलेक्ट्रॉन, बांधलेला इलेक्ट्रॉन

खालापूर

प्रिय माधवी,

फोनच करणार होते, पण फोनवर तू हसतेस आणि मग मलाही हसावं लागतं. हे हसण्यावारी जायला नको, म्हणून लिहिते आहे.

रिया दिवाळीला येऊन गेली. तुझ्याकडे प्रकल्पाला लागल्यापासून पहिल्यांदाच लेक घरी निवांत राहिली. पण बोलण्यात सारखी तूच. मावशी पोह्यात बटाटा घालत नाहीत, मावशी म्हणतात आधी आकृती काढ आणि मग समीकरण लिही. एरवी मला फोन करते तेव्हा जेवले, बरी आहे, ठेवू का, एवढंच. इथे तुझा फोन आला तर हातातली करंजी तशीच टाकून गच्चीवर गेली. तिचा आवाज जिन्यातून खाली येत होता. ग्रहणात सूर्याभोवती जे पांढरं तेज दिसतं, त्याबद्दल काहीतरी चाललं होतं. मी करंज्या मुरडत ऐकत होते. समजत होतं मला, माधवी. त्याचाच जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "रिया, आबाळ निळंच का दिसतं गं? तुमच्यात सांगत नाय का?" रिया त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. म्हणाली, "आजी, उजेड इलेक्ट्रॉनला हलवतो आणि हललेला इलेक्ट्रॉन तो उजेड चहूकडे उधळतो. आता एक वासरू मोकळं आहे आणि एक खुंट्याला बांधलंय असं समज. मोकळ्याला कशीही हाक मारा, ते सारखंच धावतं. बांधलेलं सावकाश हाकेला फारसं हलत नाही, घाईच्या हाकेला मात्र दोरी ताणून उसळतं. निळ्या उजेडाची हाक घाईची असते. हवेतले इलेक्ट्रॉन बांधलेले, म्हणून ते निळा उजेड जास्त उधळतात. सूर्याभोवतीचे मोकळे, ते सगळे रंग सारखेच उधळतात, म्हणून ते तेज पांढरं."

मी दारात उभी होते. पुढचं मी मनातल्या मनात म्हटलं. क्ष-किरण आला तर तो धक्काच देतो, त्याच्यापुढे दोरीचं काही चालत नाही, वासरू उडतं आणि किरण आपली थोडी शक्ती गमावून पुढे जातो. कधी दोरीच थरथरत राहते, थोडी शक्ती ठेवून घेते आणि उजेड वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. रियानेही ते तसंच, त्याच क्रमाने सांगितलं. मग म्हणाली, "हे मावशींचं उदाहरण आहे. सगळं पुणं त्यांच्या व्याख्यानाला येतं ते यासाठीच."

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "ती पुन्यात वाढलेली बाई. तिला वासराचं काय म्हाईत?"

रिया हसली. मी आत जाऊन चहा ठेवला.

तुला आठवत असेल, वसतिगृहात परीक्षेच्या आधी तू रडवेली झाली होतीस. थॉमसन, रॅले, कॉम्प्टन आणि रामन यांच्या नावाच्या, उजेड उधळण्याच्या चार तऱ्हांत फरक काय, हे तुझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी तुला आमच्या गोठ्यातली वासरं सांगितली. वासराची दोरी किती लांब असते, हेसुद्धा तू मला विचारलं होतंस. त्या पेपरात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. पुढे माझं लग्न ठरलं आणि दुसरं वर्ष राहून गेलं. तू पुढे गेलीस. तू माझं काही चोरलंस असं मी म्हणत नाही. मी दिलं, तू वापरलंस, आणि चांगलं वापरलंस. तरी शिळफाट्याच्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना आरशाच्या आकृत्या काढून देताना तुझी व्याख्यानं मोबाइलवर चोरून बघायची आणि त्यात खोट शोधायची, हे मी वर्षानुवर्षं करते आहे. खोट फारशी सापडत नाही.

रिया पुण्याला परत गेल्यावर तिचे बाबा म्हणाले, "पोरीला सांगून टाक ना ते उदाहरण कुणाचं ते." मी नाही सांगितलं. ती काय म्हणाली असती? 'अरे वा, आई', एवढंच ना? आणि मग पुन्हा गच्चीवर. आधी मला वाटायचं, तू माझी मुलगी नेलीस म्हणून मी जळते. नीट विचार केला तेव्हा कळलं की मला रियाचा हेवा जास्त वाटतो. तिच्या जागी तुझ्यासमोर वही उघडून मला बसायचं होतं, आणि तिथून पुढे तुझ्या जागेवर जायचं होतं.

म्हणून पत्राचं खरं कारण. पनवेलच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. जुनं वर्ष धरत नाहीत, पहिल्यापासून करायचंय. बाकावर शेजारी बसणारी ऋतिका रियाहून लहान आहे आणि मला मॅडम म्हणते. पहिल्या सेमिनारला मी हाच विषय घेतलाय, पण कॉम्प्टनच्या गणितात अडकले. ते सोबत पाठवते आहे. लाल शाईने तपास, रियाचं तपासतेस तितकंच कडक. मैत्रीण म्हणून एकही चूक सोडू नकोस. आणि रियाला इतक्यात सांगू नकोस. ती मला शिकवायला लागेल, आणि निदान या वर्षी तरी मला ते सोसणार नाही.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
हर्षला