दोन ते चार

संगमनेर
११ मार्च १९७२

चि. सूर्यभान यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

रविवार, ६ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. या घटकेला तू मला 'इकडील सर्व क्षेम' असं लिहिलंस. तारीख आणि वेळ तुझ्याच अक्षरात आहे. सोबत तुझा फोटो. गाल असे फुगलेले, की शेजारच्या बनुबाईंना दाखवून मी म्हणाले, विलायतेचं लोणी आमच्या भावाला मानवलं. त्या म्हणाल्या, लई बाळसं धरलंय की. उलट टपाली मी तुला कमी जेवण्याचा उपदेशही केला.

काल तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरचं पत्र आलं. त्या साडेदहाला तुला एकशेतीन ताप होता. त्याच्या वीस दिवस आधी तुझं खराब यकृत काढून एका मेलेल्या माणसाचं बसवलं होतं. दोन ते चार ही भेटीची वेळ. तुझ्याकडे कोणी येत नाही, घरचं कोणी येऊ शकेल का, असं ती विचारते. अठ्ठावीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, पण हे वाक्य मला तीनदा वाचावं लागलं.

खुलासा कर. लोभ आहे म्हणूनच विचारते.

मुक्ता


इंग्लंड
२२ मार्च १९७२

ती. अक्कास सूर्यभानचा शि. सा. नमस्कार.

तुझं रागावलेलं अक्षर पाहून बरं वाटलं. इथे सगळे फार हळू बोलतात.

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी डोळे पुन्हा पिवळे झाले, नवं यकृत सुजलं, ताप चढला. शरीर त्याला परकं समजून हाकलू पाहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही आमच्या अक्काला भेटला नाहीत. गाल लोण्याचे नाहीत. ते भांडण दाबणाऱ्या गोळ्यांचे आहेत. आता पित्तनळीत जंतू शिरलेत आणि गोळ्यांमुळे अंगात त्यांच्याशी भांडायचंही बळ उरलेलं नाही. गोळ्या कमी केल्या तर यकृत जाईल, वाढवल्या तर मी.

क्षेम का लिहिलं? दोन वर्षांपूर्वी एल्सी गेली तेव्हा खरं लिहिलं होतं. तुझ्या उत्तरात पाऊस होता, बाजरी होती, माझ्या बायकोचं नाव नव्हतं. पुन्हा पाऊस वाचायची ताकद नव्हती.

दोन ते चार मी दाराकडे पाठ करून झोपतो. काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. कर.

तुझा
सूर्यभान


संगमनेर
४ एप्रिल १९७२

चि. सूर्यभान यास आशीर्वाद. वि. वि.

टोमणा पोचला.

तुझ्या लग्नाचा फोटो अकरा वर्षं माझ्या भिंतीवर आहे. तो मी मधोमध घडी घालून फ्रेममध्ये बसवला होता. तू पुढे, एल्सी मागे भिंतीकडे. परवा फ्रेम उघडली. बनुबाईंनी विचारलं, ही कोण. मी म्हणाले, माझी भावजय. शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला, आणि ऐकायला बनुबाई.

घडीची रेघ बरोबर तुम्हा दोघांच्या मधून जाते. फोटो दोन दिवस जाड शब्दकोशाखाली ठेवला. रेघ जात नाही. तसाच लावला आहे.

आजपासून रोज एक पत्र टाकते. सिस्टरला कळवलं आहे, की ती पत्रं दोनच्या ठोक्याला तुझ्या हातात द्यावीत, त्याआधी नाही. तेव्हा दाराकडे तोंड करून झोपत जा.

तुझं लेखी उत्तर शनिवार, २९ एप्रिलच्या टपालापर्यंत मला मिळालं पाहिजे. ताप किती, डोळे किती पिवळे, सगळं हवं. 'क्षेम' दिसलं तर पत्र परत पाठवीन. हात चालत नसेल तर सिस्टरकडून इंग्रजीत लिहवून घे. सही मात्र तुझी हवी, आणि तिच्यापुढे फेब्रुवारीतल्यासारखी वेळ.

तुझी
अक्का