जेवण मोडून उठलेले बाबा

ल्होत्का, २७ डिसेंबर १९५१

प्रिय ब्लाझेन्का,

तुला आणि भावजींना नाताळच्या शुभेच्छा, उशिरा का होईना. इथे थंडी मी म्हणतेय. तू पाठवलेला व्हॅनिला वेळेवर पोचला, त्यामुळे चंद्रकोरी बिस्किटं छान झाली. आईचा वेणीचा गोड पाव मात्र भट्टीत चिरला. अपशकुन म्हणाली. जेवणाआधी सफरचंदही कापू दिलं नाही. "चांदणी निघाली तर ठीक. क्रूस निघाला, म्हणजे घरात मरण, तर काय करशील?" म्हणाली.

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे दूधवाल्या आंतोनीनच्या हाती देतेय.

आपला भाऊराया रादो आला होता. सक्तमजुरीच्या छावणीतून पळून, पाय सुजलेले. म्हणाला, "नाताळचं एक जेवण घरी जेवतो आणि जातो." बाबांनी त्याला गोठ्याच्या माळ्यावर गवतात लपवलं.

चोवीसला संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर आम्ही जेवायला बसलो. सूप संपतंय तोच दारात गावसमितीचा वर्बा. रादोच्याच वर्गातला.

"काकू, घर बघायचंय. बाकीचे गाडीतून मागून येतायत."

"मग तोवर बस की. आज आलेल्याला कुणी उपाशी ठेवतं का?" आईनं पाहुण्यासाठी मांडलेलं जादा ताट दाखवलं. "आणि बसलास की सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. तुझ्या आईनं शिकवलंय ना?"

तो हसला, पण बसला. आई वाढत राहिली. तळलेला कार्प मासा, बटाट्याची कोशिंबीर, पुन्हा कार्प. "काटे जपून रे."

मग बाबा उठले.

जेवण मोडून उठणारा पुढचा नाताळ बघत नाही म्हणतात. आपल्या घरात आईनं आजवर कुणाला उठू दिलेलं नाही. बाबांनी कोळशाची बादली उचलली. "चूल विझतेय," म्हणत बाहेर गेले.

वर्बाचा काटा हवेतच थांबला. आईनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. "जाऊ दे. म्हाताऱ्याला कसले आलेत नियम?"

बाबा परत येऊन बसले आणि उरलेला मासा त्यांनी निवांत संपवला. गाडी आली तेव्हा माळ्यावर कुणी नव्हतं. वर्बानं गवतात हात घातला.

"अजून ऊब आहे, काका."

बाबांना घेऊन गेले. तासाभरात सोडतो म्हणाले.

काल मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, असा कुणी माणूस इथे आणलेलाच नाही. आज सकाळी वर्बा पुन्हा आला. तू हल्ली कुठे राहतेस, विचारत होता.

रादो तुझ्याकडेच निघालाय. पोचला की पोटभर खाऊ घाल आणि लगेच पुढे पाठव. नव्या वर्षाला तू इकडे येऊ नकोस, उत्तरही नको.

आणि बाबांचं त्याला काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, चुलीपाशी बसलेत. कळलं तर तो परत येईल.

तुझी ताई,
लिबुशे