मागच्या दारची अंडी

१० नोव्हेंबर, सोमवार

चहा बंद! साखर बंद, मैदा बंद, बाहेरचं तळलेलं बंद. एवढं सगळं बंद करून झाल्यावर डॉक्टर मॅडम हसत म्हणाल्या, "आणि टेन्शन पण बंद."

रिपोर्टमध्ये माझी स्त्रीबीजं वयाच्या मानानं कमी निघाली. वय अडतीस. मॅडम म्हणाल्या, आकडा वाढवता येत नाही, आहेत त्यांचा दर्जा सुधारायचा प्रयत्न करू. बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, म्हणजे आज खाल्लेलं फेब्रुवारीत कामाला येणार. तोवर गोळ्या आणि खाणं. फेब्रुवारीत दोघांनी मिळून या, मग बघू. "नाहीच झालं तर दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं," हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. मला ते नको. मला माझंच हवं. हट्ट तर हट्ट!

दिवसभर मी बियाण्याच्या कंपनीत काय करते? ओल्या कागदात कपाशीचं बी गुंडाळून ठेवते आणि उगवतं का ते बघते. नाही उगवलं तर लॉट नापास, पुढचा लॉट घ्या. जुन्या बियाण्याला वरून काहीही चोळा, ते नवं होत नाही. हे मला मॅडमपेक्षा जास्त माहीत आहे. बोलले नाही. त्यांनी 'प्रयत्न करू' म्हटलं होतं ना, ते मला मोडायचं नव्हतं.

जालन्याहून येताना अंबडच्या बसमध्ये डाळिंबाची पिशवी मांडीवर. चला, मांडी रिकामी नव्हती.

११ नोव्हेंबर

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणली डाक्टरीण?"

आता ह्यांना स्त्रीबीज कसं समजावणार? मी आपलं सोपं करून सांगितलं, "अंडी चांगली नाहीत म्हणाली."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. माळकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ. ह्या घरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलेलं नाही. मग उठून देवापाशी जाऊन बसल्या. झालं, म्हटलं, आता आठवडाभर अबोला.

१३ नोव्हेंबर

हसू की रडू!

कामावरून आले तर मागच्या दारी तीन विटांची चूल. चुलीवर जुनं जर्मनचं पातेलं, त्यात अंडी उकळत होती. सासूबाई नाकाला पदर लावून हातभर लांब उभ्या. म्हणाल्या, "दुकानची अंडी खराबच राहतेत. डाक्टरीण बराबर बोलली. तू जालन्याला चोरून खात हुतीस ना? मला सांगायचं की मंग! ही शेजारच्या पुष्पाबाईच्या कोंबड्यांची हायेत, गावरान. हितंच बसून खायची. आत आणायची न्हाई. एकादशीला बिलकुल न्हाई."

मी काही दुरुस्त केलं नाही. खाली बसून मुकाट्यानं दोन खाल्ली. मीठ त्यांनी लांबूनच टाकलं.

ही गंमत कुणाला तरी सांगावी म्हणून ह्यांना फोन लावला. "कामात हाय, मंग करतो." मंग काही झाला नाही. कंपनीतल्या दैवशालाला सांगावी तर सगळीकडे होईल. म्हणून इथे लिहिते. वही हसत नाही, पण दुसऱ्याला सांगतही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॅडमनी सांगितलेले दिवस बुधवार-गुरुवारचे होते. हे आले आज. चाकणहून दर दुसऱ्या रविवारी येतात, चार वर्षं झाली. आले की जेवतात, झोपतात, सोमवारी पहाटे जातात. "मधी सुट्टी न्हाई भेटत शीतल, तुला म्हाइतंय." अक्रोडचं पाकीट आणलं होतं. माझ्या हातात देताना असा रुबाब केला, जणू सगळं काम त्यांनीच केलं.

मॅडमनी त्यांचीही तपासणी सांगितलीय. ते सांगितल्यावर म्हणाले, "माझ्यात काय न्हाई. मला म्हाइतंय."

"कसं माहीत?"

"माणसाला कळतं."

पुरुषांना काय काय आपोआप कळतं! आम्हाला मात्र दर वेळी रक्त द्यावं लागतं.

पण खरं लिहायचं तर चिडत नाहीत कधी. अकरा वर्षांत एकदाही टोमणा नाही. "व्हईल तवा व्हईल, घाई काय हाय," एवढंच. दैवशाला म्हणते, "नशीबवान आहेस बाई. दुसरा असता तर कधीच दुसरी करून मोकळा झाला असता."

३ डिसेंबर

पाळी आली. ठरल्या दिवशी, ठरल्यासारखी. ही एक गोष्ट माझ्याकडे कधी उशिरा येत नाही.

१२ डिसेंबर

सकाळी भिजवलेले बदाम. अंघोळ झाली की जवसाची पूड, कोरडी, घशाला चिकटते. डब्यात शेवग्याच्या पानांची भाजी. डी जीवनसत्त्वाची पुडी दुधातून. एक पिवळी गोळी जेवणानंतर, तेलकट वास येतो. कंपनीत बाकीच्या बायका एकमेकींच्या डब्यात हात घालतात. माझ्या डब्यात कुणी घालत नाही. औषध आहे म्हणे! ठेचा-भाकरी समोर असताना मी डाळिंबाचे दाणे वेचत बसते.

एकटीनं जेवायचं दुःख नाही. सगळ्यांत बसून एकटीनं जेवणं वाईट.

२१ डिसेंबर, रविवार

हे आले नाहीत. ओव्हरटाइम.

२२ डिसेंबर

कालपासून कुणाशी बोलले याचा हिशेब घातला. सासूबाईंशी अंड्यावरून, बसवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून. संपलं.

वाटतं, मी ही बीजं एवढी जपतेय, खाऊ-पिऊ घालतेय, आणि ज्याच्यासाठी ती सजतायत तो माणूस तिकडे पुण्याजवळ. नवरी मांडवात, नवरदेव ओव्हरटाइमला.

हसले खरी. नंतर रडले. तेही लिहून ठेवते.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज पुष्पाबाईंच्या नातवाचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने घातलेलं गोरंपान पोर, आजूबाजूला सगळ्या लेकुरवाळ्या. पुष्पाबाईंनी माझ्या हातात मोबाइल दिला. "शीतल, तू फोटू काढ, तुझा हात हालत न्हाई."

किती गोड बोलल्या! फोटो काढणारीला लेकराच्या डोक्यावर बोरं टाकायला बसावं लागत नाही. कुणाला वाईट बोलायला नको, कुणाच्या पोराला नजर लागायला नको. मी भरपूर फोटो काढले. एकाही फोटोत मी नाही.

सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही.

१६ जानेवारी

सासूबाईंनी कोंबडी विकत आणली!

मागच्या दारी टोपलीखाली कुरकुरत होती. मी म्हटलं, "आई, हे काय?"

"आपली आपण पाळायची. तिच्या दारात आता जायचं न्हाई."

"आणि माळ?"

"पाळल्यानं माळ बाटत न्हाई. गप ऱ्हा."

बस, एवढंच. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, जवळ बसल्या नाहीत. कोंबडीला ज्वारी टाकत राहिल्या. मी घरात येऊन दार लावलं आणि खूप वेळ उभी राहिले. अकरा वर्षं ह्या बाईला मी घाबरत आले.

२९ जानेवारी

मॅडमकडची तारीख पुढच्या शुक्रवारची. दोघांनी यायचं, ह्यांची तपासणी तेव्हाच, आणि मॅडम माझी सोनोग्राफी बघून सांगणार. ह्या तीन महिन्यांचा निकालच तो.

ह्यांना फोन केला. "सुट्टी न्हाई." मी म्हटलं, एक दिवस. "न्हाई भेटत म्हणलं ना." मी म्हटलं, मग मी येते तिकडे, तिकडच्या दवाखान्यात करू. एकदम आवाज चढला, "हितं कुठं येती? रूमवर चार पोरं राहतेत. बिलकुल यायचं न्हाई!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा ओरडले. फोन स्पीकरवर होता. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"मी जाते. कान धरून आणते त्याला."

पंढरपूर सोडलं तर जालन्याच्या पुढे त्या कधी गेलेल्या नाहीत!

३ फेब्रुवारी

गेल्या. त्यांचा भाचा संपत मोसंबी घेऊन पिकअपनं चाकणकडे जातो, त्याच्या शेजारी बसून. संपतला ह्यांची रूम माहीत आहे, एकदा दारापर्यंत सोडून आला होता. ह्यांना मुद्दाम कळवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं तर राम्या पळंल. ल्हानपणी सुई टोचायला न्यायचं म्हणलं की असाच पळायचा." पिशवीत लेकासाठी तिळाच्या पोळ्या.

४ फेब्रुवारी

घरात पहिल्यांदाच अशी पूर्ण एकटी. गंमत म्हणजे आज एकटं वाटत नाहीये. कुणीतरी माझ्यासाठी गाडीत बसून गेलंय ना!

नवी चादर घातली. ह्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला, शुक्रवारी दवाखान्यात घालायला. अंडं मागच्या दारीच उकडलं आणि तिथेच बसून खाल्लं. आत खाल्लं असतं तर कोण बघणार होतं? पण नाही खाल्लं.

मॅडम म्हणाल्या होत्या, एक चांगलं मिळालं तरी पुरे. आज पहिल्यांदा वाटतंय, आहे. एक नक्की आहे.

५ फेब्रुवारी

सासूबाई एकट्याच आल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

"राम्याला लेकरू हाये तिकडं. दीड वर्साचा पोरगा. बाई बी हाये. माझ्या म्होरं आणून धरला, घे म्हणला, नातू हाय तुझा."

तिळाच्या पोळ्यांची पिशवी तशीच उंबऱ्यावर ठेवली.

"मी न्हाई घेतला, शीतल."