बिनकढईचं चायनीज

१० जून
फूड सेफ्टीच्या मॅडम यवतमाळहून येऊन गेल्या. मीच अर्ज केला होता. म्हणाल्या, आम्हाला स्वतःहून बोलावणारे फार थोडे. चांगली सुरुवात झाली.

अर्ज कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो. ममता मार्चमध्ये गेली. कावीळ झाली, बिघडली, आणि नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला. दुकान तिचं. पाटीवर नावही तिचंच, ममता चायनीज. मी दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसायचो. आता जिनिंग सोडलं. दुकान मीच पाहतो.

तेरवी झाल्यावर समोर डोंगरसिंगच्या पानठेल्यावर गेलो होतो. तिथे एकजण म्हणाला, "चायनीजवालीले चायनीजनंच खाल्लं." सगळे हसले. मग त्यांना मी दिसलो. मग कोणी हसलं नाही.

ममताने जन्मात चायनीज खाल्लं नाही. तिला तो वासच सहन व्हायचा नाही. दिवसभर नूडल्स परतायची आणि घरी येऊन ज्वारीची भाकर खायची. हे लोकांना सांगितलं तर तिच्यावरचा ठपका जाईल, पण मालकीणच खात नव्हती असं कळल्यावर गिऱ्हाईक कसं येईल? म्हणून सर्टिफिकेट पाहिजे. सही-शिक्क्याचं. गल्ल्यामागे लावून टाकायचं. ज्याला वाचायचं तो वाचेल. मला कोणाशी बोलावं लागणार नाही.

११ जून
मॅडमचा शेरा: सुधारणा आवश्यक. म्हणजे पाया चांगला आहे. डस्टबिनला झाकण नाही, मंच्युरियन रद्दी पेपरवर काढू नये, लाल रंग बंद करावा, पाण्याचा रिपोर्ट लावावा. आणि तेल. डब्यातलं तेल काळं आहे, ताबडतोब टाका म्हणाल्या.

ते मार्चमधलं होतं. ममताने गाळून ठेवलेलं. मी टाकणारच होतो, वेळ झाला नाही. मॅडमसमोर टाकलं. डबा धुतला. दोनदा धुतला तरी वास राहिला.

तीन महिन्यांत पुन्हा येतील. तोपर्यंत एकही चूक ठेवायची नाही.

१३ जून
तेलाचा प्रश्न तसा मिटलेलाच आहे. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की कढई चढत नाही. तळण बंद. मग एखाद्या सणाला सोयरे येतात, त्यांच्या हाताने कढई चढते आणि दुःख निघतं. हे घरचं झालं. दुकानासाठी असा काही नियम नाही, मला माहीत आहे. पण दुकान तिच्या नावाचं आहे. शिवाय तळलेलं खाणं तब्येतीला वाईटच. रिवाज आणि सायन्स दोन्ही एकाच बाजूला आले आहेत. असं फार कमी वेळा होतं.

१४ जून
नवीन मेनू फळ्यावर लिहिला. उकडलेले मोमो. मंचाव सूप, वरच्या कुरकुरीत नूडल्सशिवाय. वाफेचा भात. उकडलेल्या नूडल्स, मीठ-मिरपूड वेगळी. खाली लिहिलं: शंभर टक्के तेलमुक्त. यवतमाळ जिल्ह्यात असं दुसरं दुकान नसावं.

संध्याकाळी आयटीआयची दोन मुलं आली. ट्रिपल शेजवान मागितलं. मी त्यांना तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्याचं काय होतं ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, घरात कोणी पेशंट आहे का. सूप अर्धं ठेवून गेले. बसस्टँडवरच्या गाडीकडे वळताना दिसले. तिथे झाकणसुद्धा नाही डस्टबिनला.

१९ जून
टोपी, हातमोजे, ॲप्रन आणले. घालून गल्ल्यावर बसलो. टोपी घट्ट होते. सवय होईल.

२८ जून
गोपाल आला. ममताचा धाकटा भाऊ. मुकुटबनला शेती आहे. पेरणी उरकून आला होता. फळा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग म्हणाला, भाऊजी, कढईबिगर चायनीज म्हणजे कैचीबिगर सलून. लोक केस भिजवून परत जातीन.

मी त्याला तेलाचं सांगायला लागलो. तो म्हणाला, मी तेलाचं नाही सांगून राह्यलो. सोयरा मीच आहे, पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला येतो आणि कढई चढवतो. घरची पण आणि दुकानची पण. किती दिवस सोडायची अशी?

मी पाहू म्हणालो. पाहू म्हणजे नाही, हे ममताला लगेच कळायचं. गोपालला कळलं नाही.

६ जुलै
पाण्याचा रिपोर्ट आला. पिण्यास योग्य. ममताच्या पाण्यात दोष नव्हता हे सिद्ध झालं. सुरभीला फोन केला. मुलगी नागपूरला फार्मसीला आहे. तिला रिपोर्ट वाचून दाखवला, सगळे आकडे. ती म्हणाली, "बाबा, हे पाणी जूनचं आहे."

मी टाकी धुतल्याचं सांगितलं. नंतर नवीन टाइल्सचं सांगितलं. तिने रंग विचारला. पांढरा. ती छान म्हणाली. मग रेंज गेली असावी.

रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला.

१६ जुलै
आज मोठं काम केलं. दुकानातली लोखंडी कढई घासली. कढई वापरात नसली तरी मॅडमच्या नजरेला पडणारच, आणि ती आतून-बाहेरून काळी ठिक्कर होती. वर्षानुवर्षांचा थर. तारेची घासणी, वीट, सोडा, शेवटी फरशीचं ॲसिड. सकाळी बसलो तो चहाच्या वेळेला उठलो. आता चांदीसारखी दिसते. ममता असती तर म्हणाली असती... काय म्हणाली असती ते नक्की सांगता येत नाही. ती कढई मला हात लावू देत नव्हती. स्वतःही साबण लावायची नाही, नुसती पुसायची. तिची एक सवय होती.

हात सोलले. हातमोजे घालायला विसरलो होतो. उद्यापासून विसरायचं नाही.

२ ऑगस्ट
किचनमधले उंदीर गेले. औषध नाही, पिंजरा नाही. आधी रोज खुडबुड असायची, आता कानोसा घेतला तरी काही नाही. झुरळंही नाहीत. स्वच्छतेचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मुंग्या होत्या. त्याही दिसत नाहीत.

९ ऑगस्ट
डोंगरसिंग स्वतः सूप प्यायला आला. ठेला सोडून तो कुठे जात नाही. दोन घोट घेतले आणि म्हणाला, भाऊ, हे गरम पाणी आहे. मी म्हणालो, त्यात कोबी आहे. त्याने चमचा घालून पाहिलं. म्हणाला, आहे खरं.

मग म्हणाला, वहिनी होती तवा रस्त्यावरून जाणाऱ्याले खोकला याचा. मिरचीचा असा धूर की मी ठेल्यावर बसून शिव्या देत होतो. आता बसून राह्यतो तर कसंतरीच वाटते.

मी त्याला एक्झॉस्ट फॅनची माहिती दिली. नवीन बसवला आहे.

२२ ऑगस्ट, पोळा
दुकान उघडं ठेवलं. फक्त पावसाळी किडे आले. ट्यूबलाइटला जाळी बसवायची आहे.

२३ ऑगस्ट
गोपाल आला. कपाळाला कालचा गुलाल तसाच. घरची कढई चढवली. त्याच्या बायकोने भिजवून दिलेल्या पिठाच्या पुऱ्या तळल्या. मी एक खाल्ली. रिवाज पूर्ण झाला.

मग दुकानात. मी नको म्हणत होतो, म्हणजे मनात. त्याने खिळ्यावरची कढई काढली आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"भाऊजी, हे कोणी घासली?"

मी सांगितलं. मॅडम येणार आहेत हेही सांगितलं. तो स्टुलावर बसला. ममताला तो बाई म्हणायचा. म्हणाला, "बाईनं तेल पाजू पाजू काळी केलती हे. त्या काळेपणातच सारं होतं."

तरी त्याने गॅस पेटवला. नवीन तेल ओतलं, नूडल्स टाकल्या. त्या खाली चिकटल्या. हलवल्या तशा तुटल्या. खालून करपल्या आणि वरून कच्च्या राहिल्या. झाऱ्याने खरवडताना लोखंडाचा कीस निघाला. आम्ही दोघांनी एकेक घास घेतला. लोखंडासारखं लागलं. गोपालने गॅस बंद केला आणि कढईसमोर उभा राहून रडला. मी एक्झॉस्ट फॅन लावला. फॅन चांगलं काम करतो.

रिवाजाप्रमाणे आज दुःख निघालं. कढई चढली होती, टिकली नाही ही वेगळी गोष्ट. ती टेक्निकल अडचण आहे.

कढई गोपाल मुकुटबनला घेऊन गेला. चुलीवर ठेवून, तेल लावून पुन्हा काळी करून देतो म्हणाला. किती दिवस लागतील विचारलं. म्हणाला, बाईले कितीक वर्षं लागले, मले काय मालूम.

३० ऑगस्ट
मॅडमच्या व्हिजिटची तयारी पूर्ण आहे. टाइल्स पुसल्या. डस्टबिनला झाकण आहे, आत काही नाही. फ्रीज बंद करून पुसून घेतला, रिकाम्या फ्रीजला लाइट जाळण्यात अर्थ नाही. मोमोचं पीठ परवा संपलं. ते आणायचं आहे, पण आणलं की सांडतं, मग पुन्हा पुसा. व्हिजिट झाल्यावर आणू.

सुरभीचा फोन. म्हणाली, दिवाळीपर्यंत पहा, नाहीतर गाळा सोडून नागपूरला या. मी म्हणालो, सर्टिफिकेट लागू दे. एकदा ते लागलं की लोक येतील. ती म्हणाली, "बाबा, आईला सर्टिफिकेट नको होतं. तिला गर्दी पाहिजे होती."

पोरीला अजून व्यवहार कळत नाही.

९ सप्टेंबर
मॅडम आल्या. दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, वा. हा शब्द लिहून ठेवतो. दरवाजा, टाइल्स, टाकी, रिपोर्ट, टोपी, सगळं पाहिलं. एका गोष्टीवरही बोट ठेवलं नाही. मला वाटलं, झालं. पेन बाहेर निघालं होतं.

मग त्यांनी पिशवीतून तेल तपासायचं मीटर काढलं आणि तेल मागितलं. मी म्हणालो, तेल वापरत नाही. त्यांनी फ्रीज उघडला. मग तयार माल कुठे आहे, विचारलं. मी फळा दाखवला. भांडी पाहिली. कढई कुठे आहे? मुकुटबनला. त्यांनी गॅसच्या शेगडीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिल्या. बोट स्वच्छ होतं.

विचारलं, "इथे स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हणालो, "ममता."

त्या म्हणाल्या, बोलवा त्यांना, मेडिकल झालं आहे का त्यांचं?

मी टोपी काढली. नीट घडी करून खिशात ठेवली. बाहेरच्या पाटीकडे बोट केलं. मॅडमनी बाहेर जाऊन पाटी पाहिली. परत आल्या तेव्हा आवाज बदललेला होता. मला बसा म्हणाल्या, माझ्याच दुकानात. पाणी दिलं, तेही माझ्याच माठातलं. मी पहिल्यांदाच अर्ज कशासाठी केला ते सांगितलं. पानठेल्यावरचं वाक्यही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, स्वच्छतेबद्दल मला काही बोलायचं नाही, पण जिथे शिजतं तिथलंच आम्ही तपासू शकतो. आणि आज तपासलं तरी मार्चबद्दल मी काही लिहू शकत नाही.

शेरा: पाहणीच्या वेळी व्यवसाय सुरू नसल्याचे आढळले.

मी समोर बसलेलो होतो. शटर पूर्ण वर होतं. अर्थात हा ऑफिसचा शब्द आहे. तांत्रिक. वाईट असं काही लिहिलेलं नाही.

१० सप्टेंबर
पुन्हा अर्ज करायचा. आधी पीठ आणायचं, कोबी, सिमला मिरची. कुणी कारागीर मिळाला तर पाहायचं. कढईचं गोपालला विचारायचं.

दुपारी झोप लागली. संध्याकाळी उठलो नाही.

१३ सप्टेंबर
पानठेल्यावर गेलो. बऱ्याच दिवसांनी. मॅडमची सरकारी गाडी दुकानासमोर उभी होती हे सगळ्या बाजाराने पाहिलं होतं. त्यानंतर चार दिवस शटर खाली. लोकांनी दोन्ही एकत्र केलं. आधी ममतावर नुसतं बोलणं होतं. आता त्याला सरकारी गाडीचा पुरावा मिळाला. तो मीच अर्ज करून आणला.

बाकावर दोघे-तिघे होते. मी गेलो तशी त्यांनी जागा करून दिली. हसलं कोणी नाही. डोंगरसिंग चुना लावता लावता खाली पाहूनच म्हणाला, भाऊ, लोक म्हणून राह्यले का फूडवाल्यायनं वहिनीचं दुकान बंद केलं. मी सांगतो त्यायले तसं नाही म्हणून. तुमीच सांगा, कधी बंद केलं त्यायनं?

त्याने पान पुढे धरलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. सांगायला हीच वेळ होती. टाइल्सचं, पाण्याचं, मॅडम दारात वा म्हणाल्या त्याचं.

मी म्हणालो, "त्यांनी नाही केलं. मार्चपासूनच बंद आहे."

पान घेतलं आणि घरी आलो.