लाइन लागली

प्रिय ढापण्या,

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून तू बदलीच्या गावी निघून गेलास, पण घरात अजून तुझंच नाव चालतं. मोडेम किरकिरत नंबर फिरवतो, जोडणी झाल्याचं दाखवतो, आणि पान मात्र एकही उघडत नाही. की लगेच तुझ्या वहिनीचा तुला फोन. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. म्हणजे तू काहीतरी सुचवणार, ती फोन ठेवून करून बघणार, जमलं नाही की पुन्हा तुलाच फोन. मी शेजारी पेपर तोंडासमोर धरून बसलेला. बिघाडाबद्दल बोलताना माणसं एवढी हसतात का रे? एकदा विचारलं, काय म्हणतोय? तर म्हणे, तुम्हाला नाही कळायचं. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

शेवटी इरेला पेटलो. ती प्रयोगशाळेत गेली की माझं भाषांतराचं काम बाजूला सारून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडायचो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या नेमसर्व्हरचे तू दिलेले आकडे तपासले, ते बरोबर निघाले. साइटच्या नावाऐवजी थेट तिचा आकडी पत्ता टाकला, तरी ढिम्म. मग कॉम्प्युटरमधून इंटरनेटकडे बाहेर जायचे मार्ग पाहिले. सगळी ये-जा मोडेमऐवजी नेटवर्क कार्डाकडे वळवलेली, आणि त्या कार्डाला वायरसुद्धा नाही! ते कार्ड बसवलं कोणी? तूच. मार्गाची ती ओळ काढली, नंबर फिरवला आणि पान उघडलं. चूक तुझी निघाली याचा आनंद मला पान उघडल्यापेक्षा जास्त झाला, लपवत नाही.

संध्याकाळी मी शाबासकीची वाट बघत उभा. तिने आधी ईमेल उघडली, वाचली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तुमच्या गावातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला नोकरीवर रुजू व्हायला बोलावलंय. अर्ज केल्याचं तुला माहीत होतं. मला नव्हतं! नकार आला तर तुमच्यासमोर रडू आलं असतं, म्हणाली. त्याच्यासमोर, म्हणजे तुझ्यासमोर, नसतं आलं. हे ऐकून तुझ्यावरचा राग निम्मा उतरला, निम्मा ठेवलाय.

मग हळूच तिने विचारलं, जाऊ ना? मी म्हटलं, जाऊ या. भाषांतरं काय, कुठेही बसून होतात. तर हे पत्र त्यासाठी. आमच्यासाठी घर बघ. दोन खोल्या, उजेड भरपूर, तिला पायी जाता येईल असं. आणि फोनची लाइन आहे ना, ते आधी विचार. फक्त एक कर, तुझ्या घरापासून चांगलं लांब बघ.

तुझाच, पण तिचा आधी,
पेपरवाला